मागणीची पोच

अर्धापूर तालुका, जून 2020.

सकाळी सहा. चहा व्हायच्या आत दारात दोघं, तोंडाला गमछा बांधून लांबच उभे. एक चाकणला वेल्डर होता, दुसरा भिवंडीच्या गोदामात हमाल. टाळेबंदी लागली आणि ठेकेदारानं फोनवरच 'येऊ नका' सांगितलं. "मामा, जॉबकार्ड बापाच्या नावावर हाय. मला काम लागंल का?" लागतं. कार्ड कुटुंबाचं असतं, त्यावर नाव तेवढं चढवायचं. ग्रामरोजगार सेवकाचं काम इथूनच सुरू होतं.

साडेसात. नाल्यावर हजेरी. मस्टरवर नाव छापून आलं नसेल तर हातात टोपलं देता येत नाही. दोन पोरं तशीच परत गेली, मला फार लागलं. कामावरच्यांतला एक पुण्यात मॉलमध्ये बिलं करायचा. तिसऱ्याच दिवशी तळहाताला फोड आलेत. शेजारच्या बाईनं पदराच्या गाठीतली हळद काढून लावली, वर चिंधी बांधली. रोजाचा दर 238 रुपये, पण तो मोजमापावर. खड्ड्याचं माप भरलं तर पैसा पुरा.

अकरा. ग्रामपंचायतीत कामाच्या मागणीचा नमुना 4 भरून घेतो. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागता येतो. देशाचा रोजगार हमी कायदा 2005 चा, पण वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेला आपल्या महाराष्ट्राचा 1977 चा आहे. त्यामागे बहात्तरचा दुष्काळ आहे. हात पसरायचा नाही, हक्कानं मागायचं. शहरातून आलेल्या पोरांना ते पटायला वेळ लागतो.

दुपारी केळीच्या व्यापाऱ्यांना फोन. घड कापायला, गाडी भरायला माणसं लागतात. हमालाचं जमलं.

चार. वेल्डरच्या हातात टिकाव द्यायला माझं मन घेईना. मृग लागलाय, पेरणीयंत्रांचे फण दुरुस्तीला पडलेत. नांदेड रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला म्हटलं, आठ दिवस बघा तरी. त्यानं एक तुटका फण पुढं टाकला. पोरानं जोड लावला, थंड होऊ दिला, हातोडीनं ठोकून दाखवला. "उद्या या," गॅरेजवाला म्हणाला.

रात्री आठ. सकाळी परत गेलेल्या दोघांची पोच घरी नेऊन दिली. एकाच्या आईला वाचता येत नाही. तिनं तारीख दोनदा विचारून घेतली आणि कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.