वादळानंतरचा दिवस

गुलमर्गला रात्रभर पडलेला बर्फ सकाळी हातमोज्यात घ्यावा आणि मूठ आवळून पाहावी. मार्चअखेरचा ओलसर बर्फ असेल, तर त्याचा लाडवासारखा गोळा वळतो. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीतला असेल, तर कितीही दाबा, गोळा होत नाही. मूठ उघडली की तो फुंकरीसरशी उडून जातो. स्कीइंग करणारे यालाच ‘पावडर’ म्हणतात. यात स्की घासत नाहीत, तरंगतात, आणि वळण घेताना आवाज जवळजवळ होतच नाही. या अनुभवासाठी लोक अर्धी पृथ्वी ओलांडून काश्मीरला येतात.

आपल्याकडे दिवाळीत तिकिटं काढायची आणि जानेवारीत जाऊन यायचं, असा बेत ठरतो. हॉटेल, गाडी, परतीचं विमान, सगळं तारखेला बांधलेलं असतं. पावडर मात्र तारीख पाळत नाही. ती वादळाबरोबर येते, आणि तेच वादळ रस्ता, विमानतळ व डोंगरावर नेणारा गोंडोला (केबल कार) बंद पाडतं. म्हणून अशा सहलीचं खरं नियोजन म्हणजे वाट पाहण्यासाठी दिवस राखून ठेवणं.

पावडर कशी तयार होते

हिमकणाचा आकार कशावर ठरतो, याचा पद्धतशीर शोध जपानच्या होक्काइदो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी घेतला. १९३६मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसाच्या टोकावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला. हवेचं तापमान आणि तिच्यातली बाष्पाची मात्रा या दोन गोष्टींवर स्फटिकाचं रूप ठरतं, हे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. उणे १५ अंशांच्या आसपास बाष्प पुरेसं असेल, तर सहा फांद्यांचे नक्षीदार तारे तयार होतात. हे तारे एकमेकांवर अलगद टेकतात आणि मध्ये भरपूर हवा राहते. ढोबळ हिशेब असा, की दहा सेंटिमीटर ताज्या बर्फात साधारण एक सेंटिमीटर पाणी असतं. उत्तम पावडरीत ते त्याहूनही कमी असतं. ऊन लागलं, वारा सुटला किंवा तापमान वाढलं, की फांद्या मोडतात, थर दबतो आणि पावडर संपते. तिचं आयुष्य कधी दोन दिवसांचं असतं, तर कधी एका सकाळचं.

काश्मीरला हा बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणारे पश्चिमी झंझावात वाटेत बाष्प गोळा करत पूर्वेकडे सरकतात आणि पीर पंजालच्या रांगेला अडतात. हवा वर चढते, थंड होते आणि ओझं उतरवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट होते, तेव्हा बातम्यांत अनेकदा याच झंझावातांचं नाव येतं. तिकडे पर्वताला पांढरं करणारी यंत्रणा इकडे उभ्या गव्हाला आडवं करू शकते.

गुलमर्गचा डोंगर

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर, श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. इथे १९२७मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया सुरू केला. १९४८मध्ये लष्कराची स्की शाळा उभी राहिली आणि तिचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८मध्ये कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा २००५मध्ये अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९८० मीटरवर पोहोचला. तिथून खाली गुलमर्गपर्यंत सुमारे तेराशे मीटरचा उतार मिळतो. आकाश स्वच्छ असेल, तर उत्तरेला नंगा पर्वत दिसतो. गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्गजवळच्या गावात वाढलेला स्कीपटू आरिफ खान याच उतारांवर शिकला आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र अफरवटची घाई करू नये. गुलमर्गच्या मैदानालगतचे सौम्य उतार नवशिक्यांसाठीच आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही तिथेच अभ्यासक्रम चालवते. पहिला दिवस बहुतेक बुटातच जातो. स्कीचा बूट नडगीला घट्ट टेकला पाहिजे, आत टाच उचलली जाता कामा नये. पट्ट्या आवळल्यावर चालताना माणूस अवघडतो, पण स्कीच्या पकडीत टाच दाबल्यावर खट् असा आवाज आला, की पाय आणि लाकूड एक होतात. भाड्याचा बूट घेताना हा आवाज आणि ही पकड तपासण्यात अर्धा तास गेला तरी तो वसूल होतो. बूट सैल असेल, तर जगातली उत्तम पावडरही कामाची नाही.

दिवसांचं गणित

काश्मिरी पंचांगात थंडीचे तीन भाग आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. पावडर हवी असेल तर चिल्लई कलानचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य, हा काळ धरावा. तीन दिवस मनासारखं स्कीइंग करायचं असेल, तर गुलमर्गला किमान सहा-सात रात्री ठेवाव्यात. पहिल्या दोन रात्री उंचीची सवय होण्यासाठी लागतात, कारण मुंबईच्या समुद्रसपाटीवरून आलेल्या शरीराला चार हजार मीटरवर एकदम नेणं धोक्याचं आहे. एक-दोन दिवस वादळाचे आणि वाऱ्यामुळे गोंडोला बंद राहण्याचे धरावेत. वादळानंतर आकाश मोकळं होतं, गस्तीपथक उतार तपासतं आणि मग वरचा टप्पा उघडतो. आपण आलो ते याच दिवसासाठी.

परतीच्या विमानाआधीची रात्र श्रीनगरला काढावी. बर्फात टंगमर्ग ते गुलमर्ग या तेरा किलोमीटरांसाठी चाकांना साखळ्या बांधलेली गाडी लागते. विमानं रद्द झालीच, तर जून २०२५पासून कटरा–श्रीनगर रेल्वेचा पर्याय उपलब्ध आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. विमा उतरवताना त्यात स्कीइंग आणि डोंगरावरून सुटका या दोन्ही गोष्टी नमूद आहेत का, ते वाचून घ्यावं. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातली सहा होती. त्यामुळे निघण्याआधी सरकारी सूचना पाहणं हाही आता नियोजनाचाच भाग आहे.

दोरीपलीकडे

पावडरीचं सौंदर्य आणि तिचा धोका एकाच गोष्टीत आहेत. अफरवटवर फावड्याने हातभर खड्डा खणून त्याची भिंत सरळ कापली, तर बर्फाचे थर दिसतात. वर नवा मऊ थर, मध्ये वाऱ्याने घट्ट केलेली पाटी आणि कधीकधी तळाशी जाड्या रव्यासारखे सुटे दाणे. पातळ बर्फ आणि लांबलेली कोरडी थंडी यांत हे दाणे तयार होतात. त्यांना एकमेकांची पकड नसते. त्यावर जड थर बसला, की एका माणसाचं वजनही अख्खा उतार सोडवायला पुरतं. फेब्रुवारी २०२३मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४मध्ये एक रशियन स्कीअर इथल्या हिमस्खलनांत गेले. फेब्रुवारी २०१०मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराचे १७ जवान गाडले गेले.

तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, आणि स्कीइंगला सर्वांत गोडही तेच. गस्तीच्या हद्दीबाहेर जायचं असेल, तर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं ही तीन साधनं प्रत्येकाच्या अंगावर हवीत, आणि ती वापरायचा सरावही हवा. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटं निर्णायक असतात. तेवढ्यात बाहेरची मदत पोहोचत नाही, सोबतीच वाचवतात. जाणत्या स्थानिक मार्गदर्शकाशिवाय या हद्दीची दोरी ओलांडू नये. तो ‘आज नको’ म्हणाला, तर वाद न घालता खाली यावं. त्याच्या शुल्कातला सर्वांत मोलाचा भाग तो नकारच आहे.

न पडलेला बर्फ

जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गची मैदानं तपकिरी होती, बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गमधला टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. पर्यटकाची एक सहल हुकते, पण खोऱ्याचं नुकसान वर्षभर चालतं. चिल्लई कलानमधला बर्फ घट्ट बसतो आणि सावकाश वितळतो. उन्हाळ्यात झेलमला मिळणाऱ्या उपनद्या, भाताची खाचरं आणि सफरचंदाच्या बागा त्याच्यावर उभ्या आहेत.

मृग कोरडा जाताना आभाळाकडे पाहणारा शेतकरी आपल्या घराघरांत होता. तसंच टंगमर्गचा बागवान जानेवारीत अफरवटकडे पाहत असतो. म्हणून तुमच्या सहलीत तीन दिवस नुसता बर्फ कोसळत राहिला, गोंडोला उघडलाच नाही आणि खिडकीशी बसून राहावं लागलं, तर ते दिवस वाया गेले असं मानू नका. बाहेर बागवानाचं उन्हाळ्यातलं पाणी पडत असतं. चौथ्या दिवशी वारा पडला आणि वरचा टप्पा उघडला, तर तुमचा वाटाही तिथेच ठेवलेला असतो.