समुद्राला तिकीट नाही



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी मुंबईला जाऊन आल्या. कुणी उमेदच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात मसाले-पापड घेऊन गेली, कुणी घरच्या माणसाला मोठ्या दवाखान्यात दाखवायला, कुणी नातेवाइकाच्या लग्नाला. परत आल्यावर बैठकीत आपण विचारतो, "समुद्र बघितला का?" उत्तर ठरलेलं असतं, "कुठलं माय, टाइमच भेटला नाही. अन् तिथं पाय टाकला की पैसा लागतो."

टाइम भेटत नाही हे खरं आहे, कारण बाई घराबाहेर पडते ती कामासाठीच. पण पाय टाकला की पैसा, हे खरं नाही. मुंबईतल्या बघण्यासारख्या कितीतरी जागांना तिकीटच नाही. फक्त त्या कुठं आहेत आणि कोणत्या क्रमानं बघायच्या, एवढं माहीत पाहिजे. म्हणून हा एका दिवसाचा आराखडा.

जायचं कसं

परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसला बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी येतं. देवगिरीनंच त्या रात्री परत निघता येतं, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. गाडीची वेळ तिकीट काढताना नीट बघून घ्या. स्टेशनवर क्लोक रूममध्ये थोड्या पैशांत सामान ठेवता येतं, पण पिशवीला कुलूप लागतं. सोबत धपाटे, ठेचा आणि पाण्याची बाटली घ्या, म्हणजे जेवणाचा खर्चही वाचला.

सकाळ : पायी पायी

स्टेशनाबाहेर पडलात की रस्ता ओलांडून मागं वळून बघा. आपण उतरलो ती इमारतच बघण्यासारखी आहे. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. मोठ्या घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेल्या बाईचा पुतळा दिसेल. ती प्रगतीची मूर्ती.

तिथून सरळ रस्त्यानं पंधरा-वीस मिनिटं चाललं की हुतात्मा चौक येतो. इथंही मशाल आहे, पण ती धरलीय एका शेतकऱ्यानं आणि एका कामगारानं. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून शंभराहून जास्त लोकांनी जीव दिला, त्यांचं हे स्मारक. आपली परभणी निजामाच्या राज्यातली. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तेव्हा या चौकात आपण पाहुण्या नाही.

पुढं काळा घोडा भागात जहांगीर कला दालन आहे. इथं चित्रं बघायला पैसे नाहीत. दारात संकोच करू नका. चित्र कळलंच पाहिजे असं नाही, रांगोळी बघतो तसं बघायचं. सकाळी ११ वाजता उघडतं. शेजारचं मोठं वस्तुसंग्रहालय मात्र तिकिटाचं आहे.

तिथून जवळच गेटवे ऑफ इंडिया. ही कमान १९२४ साली खुली झाली. इंग्रज राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून देश सोडून गेली. इथं आत जाताना पिशव्या तपासतात. कमान बघणं फुकट, पण घारापुरीच्या बोटीला आणि फोटोवाल्याला पैसे पडतात. फोटो काढायचाच असेल तर आधी भाव विचारा, मग उभ्या राहा.

दुपार : गांधीजींचं घर

गेटवेपासून चर्चगेट स्टेशन पायी अर्ध्या तासावर आहे. तिथून लोकलनं चर्नी रोडला उतरायचं. तिकीट ५ रुपये. महिलांच्या डब्यात बसा, आणि सेकंड क्लासचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढू नका, दंड होतो. उतरल्यावर 'मणिभवन' विचारत जा, गावदेवीत आहे. पाच वाजायच्या आत पोहोचा. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथं राहत. त्यांची खोली, चरखा जपून ठेवलाय. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेत, त्यामुळं वाचता न येणाऱ्या आजीलाही सगळं कळतं. दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजण्याचे पहिले धडे गांधीजींनी इथंच घेतले, असं सांगतात. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईनं ही जागा बघायलाच पाहिजे.

संध्याकाळ : समुद्र

मणिभवनापासून गिरगाव चौपाटी पायी पंधरा-वीस मिनिटांवर. १९२० साली लोकमान्य टिळकांवर इथंच अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा तिथं आहे.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. ही भरती-ओहोटी चंद्रावर चालते, म्हणून तिची वेळ आपल्या कॅलेंडरातली तिथी सांगते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमाराला आणि मग मध्यरात्री येते. रोज ती पाऊण तास पुढं सरकते. अष्टमीपर्यंत सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास जाते. म्हणजे पौर्णिमेला गेलात तर संध्याकाळी ओहोटी आणि मोठी वाळू मिळेल. अष्टमीला पाणी चढलेलं दिसेल.

दोन गोष्टी मात्र कडक पाळा. पाय भिजवा, आत शिरू नका. आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडं सिमेंटचे मोठे ठोकळे टाकलेत, त्यांच्यावर उतरू नका. ते शेवाळानं निसरडे असतात. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाटा कठड्यावरून येतात, तेव्हा लांबूनच बघा.

सूर्य बुडाला की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. अर्धगोल रस्त्यावर दिवे लागत जातात. इथं कुणी ऊठ म्हणत नाही, कुणी चहा मागत नाही. तासभर बसा. मग चर्नी रोडहून चर्चगेटला लोकल पकडा. संध्याकाळची गर्दी उलट्या बाजूला जाणारी असते. चर्चगेटहून सीएसएमटी पायी वीस मिनिटं.

ज्यांना दवाखान्यातून निघता येत नाही त्यांच्यासाठी

परळच्या दवाखान्यांत माणसाजवळ राहणाऱ्या बहिणींना दादर जवळ आहे. चैत्यभूमीला तिकीट नाही, आणि तिला लागूनच समुद्र आहे. सोबतीला कुणी आलं तर दोन तास जाऊन या. तेवढ्यानं माणूस पुन्हा उभं राहायला बळ येतं.

पैशाचं कसं करायचं

सहलीसाठी गटाच्या बचतीला किंवा कर्जाच्या रकमेला हात लावू नका. वेगळा डबा ठेवा. दर आठवड्याच्या बैठकीला प्रत्येकीनं २० रुपये टाकले तर वर्षात १,०४० रुपये होतात. त्याची नोंद वेगळ्या वहीत करा. कमीत कमी पाच जणी मिळून जा, एकीकडं सगळ्यांचे फोन नंबर कागदावर लिहिलेले असू द्या, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा.

पुढच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय झाला की हा विषय घ्या. "कशाला जायचं?" असं घरी विचारलं तर सांगा, समुद्र बघायला. दुसरं काही कारण जोडू नका.