फितीवर किती मावते?

माहितीची राखीव प्रत ठेवण्यासाठी मोठ्या संस्था आजही चुंबकीय फीत वापरतात, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु कपाटात ठेवलेल्या फितीला वीज लागत नाही, आणि यंत्राबाहेरच्या फितीस दूर बसलेला उपद्रवी मनुष्य धक्का लावू शकत नाही. अडचण आहे ती आकड्याची. एलटीओ जातीच्या, २०२१ साली आलेल्या नवव्या पिढीच्या फितीची क्षमता ४५ टेराबाइट सांगितली जाते. तिची स्वतःची धारणशक्ती आहे १८. उरलेले २७ हे संक्षेपणाच्या भरवशावर दिलेले आश्वासन होय.

हे संक्षेपण म्हणजे काय? हजेरीपटात तेच नाव दर महिन्यास पुन्हा लिहावे लागते. त्याऐवजी ‘मागे इतक्या अक्षरांवर जा, तेथून इतकी अक्षरे घ्या’ एवढी खूण केली तरी भागते. लेम्पेल व झिव्ह यांनी १९७७ साली मांडलेल्या या कल्पनेवर आधारलेली रीत फितीचे यंत्र लिहितालिहिताच अमलात आणते. वरील आकड्यात अडीचपटीचे गृहीतक आहे. २००० सालच्या पहिल्या पिढीत ते दुपटीचे होते.

सर्वच मजकूर मात्र आखडत नाही, आणि त्यास कोणत्याही यंत्राचा इलाज नाही. शून्य व एक यांच्या आठ अंकी मांडण्या २५६ होतात. त्याहून आखूड मांडण्या, अगदी रिकामी धरूनही, २५५च भरतात. मग प्रत्येकीस स्वतंत्र आखूड खूण मिळणार कोठून? छायाचित्रे व चित्रफिती बहुधा आधीच आखडलेल्या असतात. गुप्तलिपीत घातलेल्या मजकुरात तर पुनरुक्ती दिसतच नाही; म्हणून आधी संक्षेपण, मग गुप्तलेखन, हाच क्रम योग्य.

मोजण्यासाठी काही जण नुसत्या शून्यांनी भरलेली फाइल लिहून पाहतात. गुणोत्तर डोळे दिपविणारे येते, उपयोग मात्र शून्य! मजकूर आपला नित्याचाच हवा. संगणकाकडून किती बाइट आले व फितीवर किती उतरले, या दोन्ही नोंदी यंत्र ठेवते. त्या कामाच्या आरंभी व अखेरीस वाचाव्यात, फरक काढावेत आणि पहिल्यास दुसऱ्याने भागावे.

येथे सरासरीचा मोह टाळावा. समजा, १ टेराबाइट हिशेब चौपट आखडले आणि ९ टेराबाइट छायाचित्रे मुळीच आखडली नाहीत. चार व एक यांची सरासरी अडीच, म्हणजे जाहिरातीतील आकडा खराच वाटतो, आणि १० टेराबाइटला ४ची जागा पुरेल असे कारकून लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात ९.२५ लागते, खरे गुणोत्तर १.०८. मध्यरात्री फीत संपून प्रत अर्धवट राहते ती अशा हिशेबामुळे, आणि ते कळते मूळ माहिती गेल्यावर.

गुणोत्तर चांगले असूनही फीत लवकर संपत असेल, तर दोष संक्षेपणाचा नसतो. लिहिलेले नीट उमटले नाही की यंत्र तेच पुढे पुन्हा लिहिते व तेवढी जागा वाया जाते. अशा वेळी प्रथम सफाईची फीत चालवून शीर्ष स्वच्छ करावे.