समोरच्याला आपण दिसलो का?

पणजीच्या बसस्थानकाबाहेर, मडगावच्या बाजारात पिवळ्या-काळ्या मोटारसायकली ओळीने उभ्या दिसतात. गोव्यात त्यांच्या चालकांना ‘पायलट’ म्हणतात. भाडं ठरवायचं, मागे बसायचं, निघायचं. बाइक टॅक्सीची ॲप्स येण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं रीतसर परवाना घेऊन हा धंदा करत आली आहेत. मागे बसणारा दर खेपेला नवा. कुणी वळणावर गाडी कलली की घाबरून उलट बाजूला झुकतो, कुणाच्या दोन्ही हातांत पिशव्या, कुणी ब्रेक लागताच सगळं अंग चालकाच्या पाठीवर टाकतो. हे सगळं सांभाळून, पावसाळ्यात शेवाळलेल्या अरुंद रस्त्यांवरून, अनोळखी माणसाला धडपणे पोचवायचं हे त्याचं रोजचं काम.

‘बायकर’ म्हटल्यावर मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर हा पायलट येत नाही. पहाटे चरव्या लटकवून शहर गाठणारा गवळी येत नाही, रात्री अकरा वाजता जेवणाचं पार्सल घेऊन जिने शोधणारा मुलगाही येत नाही. येतं ते चामडी जाकीट आणि लाखोंची गाडी. हे मला मनापासून खटकतं. खरा मोटारसायकलस्वार कोण, हे गाडीच्या किमतीवरून किंवा कापलेल्या अंतरावरून ठरत नाही. रस्त्यावर आपण कुणालाच दिसलेलो नाही, असं धरून जो चालवतो, तो माझ्या लेखी मोटारसायकलस्वार.

यामागे भक्कम आधार आहे. अमेरिकेत १९८१ साली हॅरी हर्ट या संशोधकाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत त्या दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता. मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता, हेच त्यातलं मोठं कारण निघालं. धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत स्वाराच्या हाती साधारण दोन सेकंदही नव्हते. ताशी साठच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर पुढे जाते.

‘दिसली नाही’ असं म्हणणारा चालक बहुतेकदा खरंच बोलत असतो. मोटारसायकल समोरून अरुंद दिसते. कारच्या पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्याच्या आड ती सहज झाकली जाते. शिवाय समोरून येणारी लहान वस्तू बराच वेळ लहानच दिसत राहते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम मोठी होते. त्यामुळे तिच्या वेगाचा अंदाज चुकतो. ट्रक दूर असला तरी माणूस थांबतो, मोटारसायकल जवळ असली तरी ‘अजून वेळ आहे’ असं वाटून गाडी वळवतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्याकडे हा घात उजवीकडे वळणाऱ्या वाहनाशी होतो.

मुरलेला स्वार म्हणून चौकात समोरच्या चालकाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. नजरानजर झाली म्हणजे त्याने आपल्याला पाहिलं असं नसतं. तो त्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघतो, कारण चालकाच्या मनात काय आहे ते आधी चाक सांगतं. एसटीच्या मागे तो चिकटून राहत नाही, कारण तिथून त्याला पुढचं दिसत नाही आणि समोरच्यांना तो. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही पेटलेला असतो, तो याचसाठी. अजूनही समोरून येणारा एखादा भला माणूस बोटं उघडमीट करून ‘दिवा चालू राहिलाय’ अशी खूण करतो. तेव्हा वाटतं, चला, याला तरी आपण दिसलो.

प्रत्येक स्वाराला दिसायचंच असतं, फक्त तऱ्हा वेगळी. काहींनी त्यासाठी आवाज निवडला आहे. मूळचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवायचा आणि रात्री गल्लीतून जायचं. पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आपण वाचतो, तरी ते विकले जातातच. आवाजाने आपण सुरक्षित राहतो, असं ही मुलं कळकळीने सांगतात. पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेक वेळा समोरून येतो. ज्याने आडवं यायचं तो काचा लावून गाणी ऐकत असतो. झोप मोडते ती घरातल्या आजाऱ्याची आणि तान्ह्या बाळाची.

बुलेटचा रुबाब मात्र मी याच्याशी जोडणार नाही. लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ती घेतली, १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली आणि पुढे सातारा-कोल्हापूरकडे निवृत्त फौजी आणि बागायतदार यांच्या दारात ती दिसू लागली. ती जड आणि संथ. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. दुसऱ्या गाडीवरून उतरून हिच्यावर बसणाऱ्याला सगळं नव्याने शिकावं लागे. याच्या अगदी उलट १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १००. वजन जेमतेम शंभर किलो, टू-स्ट्रोक इंजिन, मूठ पिळली की उडी. ती १९९६ मध्ये बंद झाली, पण जपून ठेवलेल्या गाड्यांसाठी लोक आजही मागेल ती किंमत मोजतात. बुलेटवाल्याला पोचण्याची घाई नसायची आणि आरएक्सवाल्याला थांबण्याची सवय नसायची.

त्या काळच्या सगळ्याच स्वारांना एक गोष्ट येत असे. जावा, येझदी, राजदूत यांच्या मालकांच्या डिकीत जादा प्लग, प्लगपाना आणि पॉलिशपेपरचा तुकडा असायचाच. घाटात गाडी बंद पडली की प्लग काढायचा, काजळी घासायची, पुन्हा किक. गाडीच्या आवाजातला फरक कानाला कळायचा. १९८५ मध्येच हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि कोट्यवधी लोकांची या कटकटीतून सुटका झाली. हे चांगलंच झालं. शेतमजुराला किंवा प्राथमिक शिक्षकाला गाडी कामावर पोचण्यासाठी हवी असते, काजळी घासण्यासाठी नव्हे. पण मागचा ब्रेक किती घासलाय, चेन किती सैल झालीय, टायरची नक्षी उरलीय का, एवढंही न बघता निघायची सवय याच सुखातून लागली.

रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा वरंध घाटाकडे निघणाऱ्या टोळ्यांमध्येही दोन जाती दिसतात. एकीत सगळे एकमेकांशी शर्यत लावतात. दुसरीत सर्वांत पुढे वाट जाणणारा, सर्वांत मागे कसलेला, आणि नवखा पुढच्याच्या पाठोपाठ, म्हणजे नवख्याच्या वेगाने सगळ्यांचा वेग ठरतो. सगळे नागमोडी रांगेत चालतात आणि मागचा आरशात दिसेनासा झाला की पुढचा वेग कमी करतो. काहींची शर्यत आकड्यांशी असते, तीही लडाखमध्ये. तिथे जाऊन उंचीचे आकडे गोळा करण्याची मोठी हौस आहे. खारदुंगला खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्ष मोजणीत ती उंची सुमारे १७,६०० फूट भरते. तिथपर्यंत गाडी नेणाऱ्याचा दम या आठशे फुटांनी कमी होत नाही.

स्त्रियांची अडचण मात्र निराळी आहे. त्या नको तितक्या दिसतात. पुण्यात २०११ मध्ये ‘बायकर्णी’ हा स्त्री मोटारसायकलस्वारांचा गट सुरू झाला आणि देशभर पसरला. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो सगळे छापतात. दुसऱ्या दिवशी तीच बाई एकटी महामार्गावर कुणाला ओलांडून गेली, तर तो पुरुष पेटून उठतो आणि तिला मागे टाकल्याशिवाय राहत नाही. तिला समोरच्या ट्रकवर आणि आरशातल्या या वीरावर एकाच वेळी लक्ष ठेवावं लागतं. हे कौशल्य तिने कधी मागितलं नव्हतं.

हेल्मेटबद्दल पुण्यात इतकी भांडणं झाली आहेत की विषय काढायलाही धीर लागतो. ‘शहरात वेगच कुठे असतो?’ हा नेहमीचा मुद्दा. तर साधा हिशेब करू. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना तो नुसता आडवा पडला, तरी डोकं ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने रस्त्यावर आपटतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि सहप्रवाशांचा मृत्यू झाला.

आणि शेवटी तो जुना घरगुती सल्ला: ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील.’ सायकलवर आणि खडीच्या रस्त्यांवर तो पटला असेल. कोरड्या डांबरावर तो घातक आहे. गाडी थांबताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं. मग थांबवण्याची बहुतेक ताकद उरते पुढच्या चाकात, आणि मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक अडून गाडी घसरते. हर्टच्या पथकालाही हीच चूक वारंवार दिसली होती: मागचा ब्रेक जास्त, पुढचा कमी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले असतात आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक अडू न देणारं एबीएस असतं. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि जुना सल्लाही.

आपल्याकडे पाय न टेकता आठचा आकडा काढून दाखवला की परवाना मिळतो. ब्रिटनमधल्या परीक्षेत उमेदवाराला ताशी किमान पन्नासच्या वेगाने येऊन, खूण मिळताच गाडी न घसरता थांबवावी लागते. ही चाचणी आपल्याकडेही यायला हवी. ती येईपर्यंत, मुलाला नवी गाडी घेऊन देणाऱ्या आईबापांनी एक सकाळ काढावी, मोकळी कोरडी जागा बघावी, हेल्मेट घालायला लावावं आणि आधी वीसच्या, मग तीसच्या, मग चाळीसच्या वेगाने येऊन पुढचा ब्रेक हळूहळू दाबत थांबायला त्याला शिकवावं. मुलीलाही.