विद्रावक निष्कर्षण, फळांच्या गरातील तेलाचे

बहुतेक वनस्पतिज तेले बियांपासून मिळतात. तथापि ऑलिव्ह, ॲव्होकॅडो व तेलमाड यांच्या फळांत तेलाचा मोठा साठा गरातच असतो. गर दाबून किंवा केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून तेल काढल्यावरही चोथ्यात काही तेल अडकून राहते. ते योग्य द्रवात विरघळवून वेगळे करण्याच्या क्रियेस विद्रावक निष्कर्षण म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील मार्सेल येथे ऑलिव्हच्या चोथ्यातील तेल काढण्यासाठी कार्बन डायसल्फाइड वापरण्यात आले. हा द्रव विषारी व अतिज्वालाग्राही असल्याने पुढे त्याची जागा हेक्झेनाने घेतली. हेक्झेनाचा उकळबिंदू सु. ६९° से. असल्यामुळे ऊर्ध्वपातनाने ते तेलापासून सहज अलग होते व पुन्हा वापरता येते. तेही ज्वालाग्राहीच आहे. त्याचे बाष्प हवेच्या सु. तिप्पट जड असून जमिनीलगत साचते.

निष्कर्षणाचा वेग : गरातील तेल सारख्या वेगाने बाहेर येत नाही. दळताना फुटलेल्या कोशिकांतील तेल कणांच्या पृष्ठावर आलेले असते. ते काही मिनिटांतच धुतले जाते. अखंड कोशिकांत मात्र विद्रावकाला भित्ती ओलांडून आत शिरावे लागते आणि तेथे बनलेला विद्राव विसरणाने (रेणूंच्या अधिक संहतीकडून कमी संहतीकडे होणाऱ्या संचाराने) बाहेर यावा लागतो. या दुसऱ्या टप्प्यात उरलेले तेल निम्मे होण्यास १० मिनिटे लागतात असे मानल्यास, आणखी १० मिनिटांनी ते चतुर्थांश व त्यानंतरच्या १० मिनिटांनी अष्टमांश उरते. शेवटच्या अंशासाठी लागणारा वेळ व इंधन पाहता तो चोथ्यातच सोडणे पुष्कळदा किफायतशीर ठरते.

आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेल्या विसरणाच्या नियमांवरून असे दिसते की, लागणारा काळ कणाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी निम्मी केल्यास काळ चतुर्थांश होतो. परंतु फार बारीक भुकटी दाटून बसते व तिच्यातून विद्रावक झिरपत नाही. तापमान वाढविल्यास तेलाची श्यानता (दाटपणा) कमी होऊन विसरण वाढते. मात्र उकळबिंदूजवळ बाष्पाची हानी होते. ताजा विद्रावक जवळजवळ निस्तेल झालेल्या चोथ्यावर सोडून तो क्रमाने अधिक तेलयुक्त चोथ्याकडे नेतात (प्रतिप्रवाह पद्धत). त्यामुळे संहतीतील फरक अखेरपर्यंत टिकतो.

वाळवण : हेक्झेन पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे ओल्या गरात ते शिरूच शकत नाही. ॲव्होकॅडोच्या ताज्या गरात सु. ७० टक्के वा त्याहून अधिक पाणी असते. स्पेनमध्ये १९९० नंतरच्या दशकात ऑलिव्हसाठी जी नवी केंद्रोत्सारी पद्धत रूढ झाली, तिच्या चोथ्यातही सु. ६०–७० टक्के पाणी असते. वाळवण हीच या उद्योगातील सर्वांत नाजूक क्रिया होय. उष्णता अधिक झाल्यास तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि चोथा तीव्र उष्णतेत वा धुराच्या संपर्कात वाळविल्यास बेंझोपायरीन हे कर्ककारक द्रव्य त्यात येते. ते वसेत विरघळणारे असल्याने हेक्झेनाबरोबर थेट तेलात उतरते. २००१ मध्ये स्पेनमध्ये चोथ्याचे ऑलिव्ह तेल याच कारणास्तव बाजारातून मागे घ्यावे लागले. शुद्धीकरणात सक्रियित कोळशाने हे द्रव्य शोषून काढता येते.

हेक्झेनात तेलाबरोबर मेण व हरितद्रव्यही विरघळते. म्हणून असे तेल शुद्ध केल्याविना खाण्यास योग्य नसते व यूरोपीय संघात ते नुसत्या ‘ऑलिव्ह तेल’ या नावाने विकता येत नाही. तेथील नियमांनुसार तेलात उरलेल्या हेक्झेनाची कमाल मर्यादा किग्रॅ.ला १ मिग्रॅ. आहे.