वैमानिकाचा पेशा : परवाना, विश्रांती आणि बढती

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे तालुक्याचे गाव मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले होते. धानाची शेती हा या परिसराचा मुख्य आधार. नागपूरचा विमानतळ येथून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असल्याने विमानाशी येथील बहुतेकांचा संबंध आकाशातून जाणाऱ्या पांढऱ्या रेघेपुरताच येतो. तथापि बारावीच्या विज्ञान शाखेत चांगले गुण मिळविणारी मुले-मुली आता अशा गावांतूनही पुढे येत आहेत आणि वैमानिक कसे होता येईल, ही पृच्छा शिक्षकांकडे व गावातील जाणत्या मंडळींकडे होऊ लागली आहे. त्या पृच्छेचे उत्तर केवळ प्रवेशाचे नियम सांगून पुरे होत नाही. परवाना मिळाल्यानंतर त्या तरुणाचे पुढे काय होते, हे विमान कंपन्यांमधील चढाओढीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. शेत गहाण टाकण्यापूर्वी पालकांना याची कल्पना असणे आवश्यक आहे.

परवाना म्हणजे नोकरी नव्हे

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना केंद्र शासनाचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वय किमान १८ वर्षे असावे लागते, हवामानशास्त्र, दिशानिर्णय, हवाई नियम आदी विषयांच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. खर्चाचा मुख्य भाग या २०० तासांचाच असतो. सर्व मिळून पन्नास लाख रुपयांच्या आसपास वा त्याहून अधिक रक्कम लागते. काही कंपन्यांच्या विशेष प्रशिक्षणक्रमांत तर ती एक कोटीच्या घरात जाते. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे व तेथे राखीव जागांची तरतूद आहे. विदर्भापुरते बोलायचे तर गोंदियाजवळील बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षणाचे कार्य चालत आले आहे, ही गोष्ट पूर्व विदर्भातील पुष्कळ पालकांच्या ध्यानात नसते.

एवढे करूनही हाती येतो तो लहान विमान चालविण्याचा अनुभव. प्रवासी विमानाच्या विशिष्ट प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा खर्च अनेकदा उमेदवारालाच सोसावा लागतो किंवा कंपनी तो करते व काही वर्षांचा करार लिहून घेते. त्यानंतर सहवैमानिकाची जागा मिळते, तीही कंपनीला गरज असेल तर. २०१९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत परवाने घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांना दीर्घकाळ ताटकळावे लागले, कारण १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली होती व तिचे अनुभवी वैमानिक बाजारात आले होते. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने संपूर्ण बंद राहिली आणि कामावर असलेल्यांच्याच पगारात कपात झाली.

उजवीकडून डावीकडे

विमानाच्या चालककक्षात दोन आसने असतात. डावे आसन कप्तानाचे, उजवे सहवैमानिकाचे. एका आसनावरून दुसऱ्यावर जाणे हीच या पेशातील खरी बढती होय. कप्तान होण्यासाठी वरच्या श्रेणीचा परवाना लागतो व त्यासाठी किमान १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक असतो. प्रत्यक्षात कंपन्या याहून अधिक अनुभव मागतात. शिवाय तास भरले म्हणून डावे आसन मिळतेच असे नाही. कंपनीकडे नवी विमाने आली, किंवा वरचे कप्तान निवृत्त झाले वा सोडून गेले, तरच जागा होते. प्रवासी वाहतुकीत ६५ वर्षांपर्यंत काम करता येत असल्याने निवृत्तीने होणाऱ्या जागा थोड्याच.

जागा झाल्यावर ती कोणाला, हे सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून बहुतांशी ठरते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आंतरजिल्हा बदली घेतलेल्या शिक्षकाची नव्या जिल्ह्यातील ज्येष्ठता जशी तळापासून मोजली जाते, तशीच गत कंपनी बदलणाऱ्या वैमानिकाची बहुधा होते. त्याचे उड्डाणाचे तास त्याच्या नोंदवहीत कायम राहतात, यादीतील क्रमांक मात्र जातो. जेट एअरवेज बंद पडल्यावर अनेक अनुभवी वैमानिकांना कमी वेतनावर दुसरीकडे जावे लागले अथवा परदेशाची वाट धरावी लागली, ती यामुळेच.

या यादीसाठी किती तीव्र झगडा होऊ शकतो, हे एअर इंडियाच्या उदाहरणावरून दिसते. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशातील वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे व परदेशची एअर इंडियाकडे होती. दोन्हीकडील वैमानिकांच्या याद्या वेगळ्या होत्या. २००७ साली दोन्ही कंपन्या एकत्र करण्यात आल्या, परंतु याद्या एकत्र करणे सोपे नव्हते. नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणाला द्यावे, या प्रश्नावरून मे २०१२ मध्ये मूळच्या एअर इंडियातील वैमानिकांनी पुकारलेला संप ५८ दिवस चालला. बाहेरच्या माणसाला हा मानापमानाचा प्रश्न वाटला. वस्तुतः नवे विमान म्हणजे लवकर मिळणारी कप्तानकी, आणि ती एका गटाला मिळाली की दुसऱ्या गटातील माणूस आयुष्यभर एक पायरी मागे राहणार होता. या वादात न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीला शिफारशी कराव्या लागल्या. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे परत गेली.

चढाओढीचे दोन परिणाम

सरकारी मक्तेदारीच्या काळात नोकरी स्थिर होती आणि बढती संथ. त्या संथ काळातही, १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्री कर्मचाऱ्यांनी चालविलेले विमान कोलकात्याहून सिलचरला गेले, याचा उल्लेख मुलींच्या शाळांत अवश्य व्हावा. १९९० च्या दशकात खाजगी कंपन्यांना वाट खुली झाली. २००३ पासून स्वस्त तिकिटाच्या कंपन्या आल्या आणि वैमानिकांना मागणी वाढली. एका कंपनीने शिकवावे व दुसरीने अधिक पगार देऊन न्यावे, असे होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून महासंचालनालयाने २०१७ साली राजीनाम्याच्या पूर्वसूचनेचा काळ कप्तानासाठी १२ महिने व सहवैमानिकासाठी ६ महिने केला. तरीही २०२३ मध्ये अकासा एअर या नव्या कंपनीतून अनेक वैमानिक मुदत पूर्ण न करता निघून गेले, उड्डाणे रद्द झाली आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. नोकरी सोडण्यासाठी वर्षभर थांबण्याची अट इतर पेशांत क्वचितच आढळेल. कंपनीची अडचण खरी आहे, परंतु कामाच्या अटी बदलण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवावी व कर्मचाऱ्याने मात्र थांबावे, हा तोल एका बाजूला झुकलेला आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा कंपनीत नव्या वेतनरचनेवरून वैमानिकांत असंतोष पसरला आणि शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, तेव्हा ही बाजू प्रवाशांसमोर आली.

किंगफिशर, जेट व गो फर्स्ट बंद पडल्या; विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. २०२५ साली देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे नव्वद टक्के इंडिगो व एअर इंडिया समूह या दोघांकडे होते. दारे कमी झाली की नोकरी मागणाऱ्याचा आवाजही खाली येतो.

दुसरा परिणाम विश्रांतीवर होतो. तिकीट स्वस्त ठेवायचे तर विमान जमिनीवर उभे राहून चालत नाही. पहाटे व मध्यरात्री उड्डाणे होतात आणि मोजक्या वैमानिकांवर वेळापत्रक बसविले जाते. एस.टी.ची मुक्कामी गाडी घेऊन येणाऱ्या चालकाची झोप झाली नाही तर सकाळच्या फेरीला काय धोका असतो, हे खेड्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. वैमानिकाच्या बाबतीत तो धोका दीडदोनशे प्रवाशांचा होतो. या कारणास्तव जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास झाली, रात्रीचा काळ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरण्यात आला व रात्रीच्या काळात विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली. न्यायालयात विषय गेल्यानंतर ती १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली.

तयारीस इतका अवधी मिळूनही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर या एकाच दिवशी एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि लग्नसराईतील प्रवासी विमानतळांवर अडकून पडले. शासनाने भाड्यावर मर्यादा घातली व त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. वैमानिकांच्या संघटनांनी या सवलतीस आक्षेप घेतला. प्रवाशांची गैरसोय तातडीने दूर करणे आवश्यक होते, हे मान्य करावे लागेल. परंतु माणसे कमी नेमल्याने निर्माण झालेली अडचण, शेवटी ज्यांच्या झोपेसाठी नियम केला त्यांच्याच झोपेतून भागविली गेली, हेही नाकारता येत नाही.

प्रथम काय करावे

या पेशाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शुल्क भरण्यापूर्वी महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त वैद्यकांकडून शारीरिक तपासणी करून घ्यावी. आधी द्वितीय श्रेणीची व नंतर प्रथम श्रेणीची, असा तिचा क्रम आहे. चष्मा असल्याने सहसा अडत नाही. रंगांधळेपणा मात्र व्यावसायिक परवान्याच्या आड येऊ शकतो आणि तो पुष्कळांना स्वतःस कधी जाणवलेलाही नसतो. ही तपासणी कर्जाच्या कागदांवर सही होण्याआधीच उरकावी. ती काही हजारांत होते.