इतिहासाचा प्राध्यापक कसा निवडतात?

कंपनीत प्रोग्रॅमर घ्यायचा तर आम्ही तासाभराची मुलाखत घेतो. विद्यापीठात प्राचीन इतिहासाचा ज्येष्ठ प्राध्यापक नेमताना मात्र अनेक वर्षांचे काम तपासतात. त्याच्या ग्रंथांवर बाहेरच्या तज्ज्ञांचे मत मागवतात. जुने लेख आणि नाणी त्याला स्वतः वाचता यायला हवीत. गुप्त राजे काही उत्तरे द्यायला येत नाहीत!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकवे गावचे डॉ. अनंत सदाशिव अळतेकर असेच विद्वान होते. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी शिकवले. राष्ट्रकूटांवरचा त्यांचा ग्रंथ १९३४ साली निघाला. १९४९ साली ते पाटणा विद्यापीठात विभागप्रमुख म्हणून गेले. राजस्थानात बयाना येथे १९४६ साली गुप्तांची सोन्याची नाणी सापडली होती. त्यांतल्या १,८२१ नाण्यांची त्यांनी केलेली सूची १९५४ साली छापली गेली.

त्या नाण्यांवरची लिपी ब्राह्मी. आपल्या वर्गात तुम्ही गिरवता ती देवनागरी तिच्यातूनच आली.

मुलाने ‘इतिहास शिकतो’ म्हटले की आम्हा इंजिनियर पालकांना धडकी भरते. पण वाचणारेच उरले नाहीत, तर प्राध्यापक आणायचा कुठून? तेव्हा पालकहो, लगेच ‘नको’ म्हणू नका.